लाल टेपचा रिमोट

फोन भाऊजींचा होता, पण आवाज त्यांचा वाटत नव्हता. "कुंदा गेली," एवढंच ते म्हणाले. त्यावर मी जे बोललो ते आठवलं की आजही कसंतरी होतं. मी विचारलं, "कोण म्हणतंय? तुम्ही स्वतः पाहिलंत का?" भाऊजी म्हणाले, "हो रे. माझ्यासमोरच गेली. मी स्वतः पाहिलं." बदलापूरहून अंबरनाथला रिक्षाने जाताना मी स्वतःला शिव्या घालत होतो. असला प्रश्न कुणी अशा वेळी विचारतं का? पण तो प्रश्न माझा नव्हता, तिचाच होता. कुणीही काहीही सांगो, भाजीचा भाव असो, कुणाचं लग्न मोडल्याची बातमी असो की नव्या व्हिडिओ गेमची जाहिरात, कुंदाताई मान जराशी तिरकी करायची आणि विचारायची, "तू स्वतः पाहिलंस का?" वीस वर्षं ऐकून ऐकून तो माझ्याही जिभेवर बसला होता आणि नेमका तिच्याच बातमीला बाहेर पडला.

तिला जाऊन आता दीड महिना झाला. संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा आधी मी नाही म्हणालो. ती स्वतः असती तर मृत माणसाविषयी लिहिलेला कुठलाही मजकूर तिने भिंगाखाली धरला असता. मेल्यावर सगळेच चांगले कसे होतात, याचा तिला कायम संशय होता. म्हणून आधीच सांगतो, कुंदाताई चांगली होती की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता कित्येक वर्षं उघडाच होता. निदान एका बाबतीत तरी. ती बाब काय, ते पुढे येईलच.

कुंदाताई माझी मावसबहीण, वयाने चांगली मोठी. अंबरनाथच्या एका कारखान्यात विजेची बटणं आणि प्लग बनायचे, तिथे ती तपासणी खात्यात होती. माल तयार होऊन टेबलावर आला की तो खरोखर माल आहे की नुसता मालासारखा दिसतो, हे ठरवायचं तिचं काम. बटण दाबायचं, सोडायचं, कानाशी धरून पुन्हा दाबायचं. कारखान्यात शिकलेलं माणूस घरी येताना दारात ठेवत नाही. भाऊजी जांभूळ गावच्या पाण्याच्या कामावर नोकरीला, म्हणजे आख्ख्या परिसराचं पाणी शुद्ध झालं की नाही हे पाहणारे. पण घरात ताई पाणी उकळल्याशिवाय कुणाला देत नसे. भाऊजी बिचारे म्हणायचे, अगं मी स्वतः बघून आलोय. ती म्हणायची, तुम्ही तिथलं पाहिलंत, मी इथलं पाहते. आमच्या घरात या गोष्टीवरून तिची खूप थट्टा व्हायची. माझी आई म्हणायची, कुंदाला साक्षात बुद्ध भेटले असते तरी तिने आधी ओळखपत्र मागितलं असतं. त्यावर ताईचं उत्तर तयार असे. बुद्धांनीच सांगितलंय, कुणी सांगतं म्हणून मानू नका, स्वतः तपासा. ते काय मी माझ्या मनाचं बोलते?

खेळाचं वेड तिला लागलं ते चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास. तिचा दीर मस्कतला होता. त्याने येताना एक काळं यंत्र आणलं, पुढच्या बाजूला लाकडासारखी पट्टी असलेलं आणि सोबत रबरी दांड्याची जॉयस्टिक. ते टीव्हीला जोडलं की पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि एक चौकोनी ठिपका दिसे. रेघ म्हणजे बॅट, ठिपका म्हणजे चेंडू. दीर कौतुकाने दाखवत होता, आम्ही सगळे आ वासून पाहत होतो आणि ताई मात्र टीव्हीच्या मागे जाऊन वायर पाहत होती. थोडं खेळल्यावर तिने जाहीर केलं की चेंडू डावीकडे जरा हळू येतो. दीर हसला. म्हणाला, वहिनी, हे परदेशी यंत्र आहे, त्यात असलं काही नसतं. तो जागा सोडून उठला तशी ती डावीकडे बसली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. त्या दिवशी जेवणं खूप उशिरा झाली. शेवटी तिने निकाल दिला, चेंडू सारखाच येतो, डावीकडे खिडकीचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून हळू वाटतो. स्वतःच्या संशयाचाही तिने संशय घेतला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढे नव्वदच्या आसपास उल्हासनगरच्या दुकानांत टीव्ही गेम भरभरून दिसायला लागले. तिथल्या कॅम्प नंबर एकच्या बाजारात तर साड्यांच्या दुकानाशेजारीही गेमच्या कॅसेटी लटकलेल्या असत. पिवळ्या, लाल, काळ्या कॅसेटी, त्यांवर चिकटवलेली चित्रं आणि चित्रांवर छापलेले आकडे. एका कॅसेटमध्ये शेकडो गेम, शेजारच्या कॅसेटमध्ये हजारो, आणि एकावर तर इतके की खेळायला दोन जन्म घ्यावे लागले असते. लोक ते आकडे पाहून घेत. घरी येऊन लावलं की कळायचं, गेम मोजकेच, बाकी तेच ते. कुठे रणगाड्याचा रंग बदललेला, कुठे विटांची भिंत उलटी. गेमची खरी नावं कुणालाच माहीत नव्हती. टँकवाला, बदकवाला, मोटारसायकलवाला, कुंगफूवाला, अशीच आपली नावं. आणि प्रत्येक माल 'ओरिजनल'. तिथल्या बाजारात या शब्दाच्या पायऱ्या होत्या. नुसता ओरिजनल म्हणजे नक्कल. एकदम ओरिजनल म्हणजे बरी नक्कल. आणि दुकानदार आवाज खाली आणून 'कंपनी का' म्हणाला की समजायचं, आता मात्र जपून.

मी तेव्हा टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करून फावल्या वेळात उल्हासनगरच्या एका साप्ताहिकाची मुद्रितं तपासत असे. संपादकांना वाटलं, घरोघर टीव्ही गेम येतायत, त्यावर काहीतरी चालू करावं. मला विचारलं. माझी खेळाची गती यथातथाच, म्हणून मी ताईचं नाव पुढे केलं. संपादकांना आधी शंका आली. बाई, त्यातून कारखान्यातली, आणि गेमविषयी लिहिणार? ताईलाही शंका आली, हे मला फुकट कशाला विचारतायत? दोन्हीकडचे संशय निस्तरता निस्तरता माझा जीव मेटाकुटीला आला. अखेर सदर सुरू झालं. नाव 'खेळून पाहिलं'. तिने चांदण्या-बिंदण्या द्यायला नकार दिला. तिचे निकाल तीनच, कारखान्यातले. पास, रीवर्क आणि रिजेक्ट. रीवर्क म्हणजे दुरुस्ती करून आणलं तर बघू. नवा गेम आला की आधी मस्कतचं लाकडी पट्टीवालं यंत्र काढून त्यावर खेळायचं आणि मग नवा लावायचा, ही तिची रीत. मी कारण विचारलं तर म्हणाली, नव्याला पाहून डोळे दिपतात, आधी जुनं बघितलं की डोळे ठिकाणावर राहतात.

सदराच्या सुरुवातीलाच तो 'दादी'चा घोळ झाला. कॅम्प एकमध्ये मुरलीभाईंचं दुकान होतं. सिंधी गृहस्थ, गोरे, कपाळावर घाम आणि हातात कायम चहाचा ग्लास. ताईने तिथे एक कॅसेट उचलून हा माल खरा आहे का, असं विचारलं, तर ते हात जोडून म्हणाले, "दादी, एकदम ओरिजनल. आप घर पे लगाके देखो." ताई तेव्हा चाळिशीच्याही आत होती. ती कॅसेट घेऊन बाहेर पडली, पण घरापर्यंत तिचं तोंड लाल. मला म्हणते, बघितलंस, गिऱ्हाईक बाई आहे म्हणून म्हातारी करून टाकली, म्हणजे पुढचं काही विचारायचं नाही. त्या आठवड्याच्या सदरात त्या कॅसेटला रिजेक्ट आणि वर एक वाक्य, की ज्या दुकानात गिऱ्हाइकाचं वय वाढवून सांगतात तिथे गेमची संख्याही वाढवूनच सांगत असणार. अंक बाजारात गेला. पुढच्या खेपेला आम्ही दोघं गेलो. मुरलीभाईंनी पुन्हा हात जोडले, "आओ दादी." तेव्हा मात्र ताईने हातातली पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "मैं आपकी दादी लगती हूँ क्या?"

मुरलीभाई गोंधळून म्हणाले, "हां, लगती हो ना. बड़ी हो, इज़्ज़त से बोलता हूँ." मग आत बसलेल्या त्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि हसत हसत उलगडा केला, की सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. दादा तसा मोठा भाऊ. आजीला वेगळा शब्द आहे. मला वाटलं, आता ताई खजील होईल, दोन गोड शब्द बोलेल. कसचं काय. तिथून निघाल्यावर ती एका कापडवाल्याकडे थांबली, मग पापड विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे आणि दोघांनाही तिने विचारलं, तुमच्यात मोठ्या बहिणीला काय म्हणतात? दोन्हीकडून एकच उत्तर आल्यावर तिचा विश्वास बसला. परत मुरलीभाईंच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "शब्द पास आहे. कॅसेट मात्र रिजेक्टच." मुरलीभाई इतके हसले की चहा सांडला. पुढच्या अंकापासून सदराखाली तिचं नाव जाऊन 'दादी' छापून यायला लागलं. वाचकांना वाटायचं कुणीतरी सत्तरीची खट म्हातारी लिहिते. तिने तो गैरसमज कधीच दूर केला नाही.

आता माझी बाब. आठ बिटचा, म्हणजे कॅसेट घालून खेळायचा पहिला संच तिने आणला तेव्हा त्याच्यासोबत दोन रिमोट होते. आम्ही हातात धरायच्या त्या बटणांच्या चपट्या डबीला रिमोटच म्हणत असू. पुढच्या रविवारी मी गेलो तर एकावर लाल टेप गुंडाळलेली आणि एकावर हिरवी. लाल तिने स्वतःकडे घेतला, हिरवा माझ्या हातात दिला. टेप कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "ओळखायला." आम्ही खेळलो, मी हरलो. पुढच्या रविवारी हरलो. मग मी हरतच राहिलो. सुरुवातीला वाटलं, मी कच्चा आहे. मग हळूहळू मला दिसायला लागलं की खड्ड्याच्या काठावर मी बटण दाबतो तेव्हा माझा गडी उडी मारतो, पण जरा उशिरा. ती दाबते तेव्हा तिचा बरोबर उडतो. एकदा संशय आला की तो घरात पाहुण्यासारखा राहत नाही, मालकासारखा राहतो. मला वाटायला लागलं की दोन रिमोटपैकी चांगला हिने स्वतःला ठेवलाय आणि लाल रंगाने त्यावर मालकी सांगितलीय. बटणांतलं तिला कळतं, मला नाही. एवढं सोपं होतं.

एक दिवस मी म्हणालो, आज आपण रिमोट बदलून खेळू. ती म्हणाली, नको. मी कारण विचारलं. ती म्हणाली, मला याची सवय आहे. मी म्हणालो, मग तर बदलायलाच हवं, तपासणी खात्यातल्या बाईने हे सांगायला हवं का? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की... राग म्हणावा तर नाही, हसू म्हणावं तर तेही नाही. "माझ्यावर संशय घेतोस?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तर म्हणाली, "घे. कुणीतरी घ्यायलाच हवा. मी सगळ्यांना रिजेक्ट करत फिरते, मला तपासणारं कोण आहे?" आणि पुन्हा खेळायला बसली, लाल रिमोट घेऊन, आणि पुन्हा जिंकली. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, बाई लबाड आहे. बायको म्हणाली, तुम्हाला हरता येत नाही. तिच्या या बोलण्याचाही मला राग आला होता.

वर्षं गेली. आठ बिटचा मागे पडून सोळा बिटचा आला. मग सीडीवाला आला, त्यात माणसं खऱ्यासारखी चालायची, गाड्यांवर ऊन चमकायचं. प्रत्येक नव्या संचाच्या दोन रिमोटना त्याच दोन टेपा, लाल तिचा, हिरवा माझा. सीडीवाल्याच्या पहिल्या गेमला सगळं गाव डोक्यावर घेत असताना दादीने त्याला रीवर्क दिलं. लोक चिडले. तिने लिहिलं होतं, चित्रं सुंदर आहेत, पण चित्रंच बघायची तर भिंतीवर कॅलेंडर आहे. खेळताना माणूस हरला की त्याला कळलं पाहिजे आपण कुठे चुकलो. या गेममध्ये हरल्यावर कळत नाही, चूक आपली की त्याची. जुन्या रेघा-ठिपक्याच्या खेळात ते कळायचं. तिच्या दृष्टीने खऱ्या आणि खोट्या खेळातला फरक हाच. हे वाक्य मीच मुद्रितात तपासलं होतं आणि मनात म्हणालो होतो, बाई, मलाही तुझ्याशी खेळताना कळत नाही, चूक माझी की तुझ्या रिमोटची.

त्यानंतरच्या एका अंकात तिचं आणखी एक वाक्य होतं. ते तेव्हा मला शुद्ध बढाई वाटलं. कुणीतरी विचारलं होतं, दादी, तुम्ही इतक्या कडक का? तिने लिहिलं, नव्या कोऱ्या रिमोटवर कुठलाही गेम चांगलाच लागतो. घेणाऱ्याच्या घरी मुलांनी आपटून आपटून सहा महिन्यांनी जो रिमोट उरतो, मी त्यावर खेळून निकाल देते. वाचून मी हसलो. कारण तिचा लाल रिमोट कसा चालतो, ते मी दर रविवारी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. वाक्यात एक काना जास्त पडला होता, तो काढला आणि अंक छापायला पाठवला.

आमची शेवटची भेट फेब्रुवारीत झाली. ती वाळली होती. विचारलं तर पित्त म्हणाली. छातीत जळजळ होते, रात्री झोप लागत नाही, आल्याचा रस घेते. या एका गोष्टीचा मला तिच्यावर राग आहे, तो लिहून टाकतो. आयुष्यभर दुधात पाणी किती आणि कॅसेटमध्ये गेम किती, हे जिने सोडलं नाही, तिने स्वतःच्या छातीतल्या दुखण्याला एकही प्रश्न विचारला नाही. ते पित्त म्हणालं आणि हिने मानलं. त्या दिवशीही आम्ही खेळलो, तोच जुना आठ बिटचा लावून. तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. मी मनात ठरवलं होतं, आज काही बोलायचं नाही. पण हरल्यावर सवयीने हिरवा रिमोट उचलून म्हणालोच, याचं बटण उशिरा लागतं. ती हसली. म्हणाली, "उघडून बघ ना कधीतरी. इतकी वर्षं नुसता बोलतोयस." मी म्हणालो, बघेन. ती म्हणाली, "बघशील तेव्हा दोन्ही बघ. एकच बघून निकाल द्यायचा नसतो." भाऊजी तेवढ्यात चहा घेऊन आले आणि विषय राहिला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. टीव्हीच्या टेबलावरच तिचा फोटो ठेवला होता, पुढे मेणबत्त्या आणि फुलं. तिथली जागा करायची म्हणून भाऊजींनी गेमचे संच खाली, भिंतीशी ओळीने मांडून ठेवले होते. वंदना झाली, माणसं बोलायला लागली. मुरलीभाई कॅम्प एकहून आले होते, पांढऱ्या कपड्यांत. पुढे जाऊन फोटोला नमस्कार केला आणि माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "माल उठाते टाइम अब भी मुँह से निकलता है, दादी पास करेगी क्या?" मग रुमालाने डोळे पुसत बसले.

लोक पांगल्यावर ताईच्या खात्यातल्या तिच्यासोबतच्या एक बाई, शुभांगीताई, आवराआवरीला थांबल्या होत्या. भिंतीशी मांडलेले संच उचलून कपाटात ठेवायचे होते. त्यांनी रिमोट गोळा करताना हिरवे एका बाजूला ठेवले आणि लाल दुसऱ्या. मग मला सहज विचारलं, "हे लाल फेकायचेत का?" मी म्हणालो, फेकायचे कशाला, ते तर ताईचे. त्या म्हणाल्या, "नाही, लाल लावलंय म्हणून विचारलं. आमच्याकडे लाल म्हणजे रिजेक्ट. हिरवं म्हणजे पास." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात कपबश्या विसळायला निघून गेल्या.

मी तिथेच खाली बसलो. आठ बिटचा जुना संच टीव्हीला लावला, फोटोला जरा बाजूला सरकवून. आधी हिरवा हातात घेतला, माझा. उडीचं बटण दाबलं, गडी उडाला. दाबलं, उडाला. खड्ड्याच्या काठावर दाबलं, तिथेही उडाला, जेव्हा दाबलं तेव्हा. बटण कुठेही उशिरा लागत नव्हतं. दहा वर्षांत एकदाही लागलं नसणार. मग तिचा लाल घेतला. दाबलं, काही नाही. अंगठा रुतवून दाबलं तेव्हा कुठे गडी हलला. पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. खड्डा यायच्या बऱ्याच आधी मनाशी धरून, त्या बटणाची खोड ओळखून दाबावं लागत होतं. असल्या रिमोटवर खेळून ती मला दर रविवारी हरवत होती... आणि मी घरी जाऊन तिला लबाड म्हणत होतो.

पण सवय वाईट. तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, हे तिने शेवटी शेवटी केलं नसेल कशावरून? आपण जाणार हे तिला कळलं असेल, रिमोट उघडून बघ असं तर तिने स्वतःच सांगितलं होतं. जाण्याआधी टेपा बदलून ठेवल्या असतील, मला आयुष्यभर चुटपुट लागावी म्हणून. ती असं करू शकली असती. मी लाल टेपचं टोक नखाने उचललं आणि हळूहळू सोडवत गेलो. रिमोटचं मूळचं पांढरं प्लास्टिक इतक्या वर्षांत उन्हाने आणि हाताच्या घामाने जर्द पिवळं पडलं होतं. टेपखालचा पट्टा मात्र दुकानातून आणल्या दिवशी होता तसा पांढरा होता. मग हिरवी सोडवली. तिच्याखालीही तसाच पांढरा पट्टा. म्हणजे टेपा पहिल्या रविवारी जिथे बसल्या, तिथेच होत्या. दोन्ही पाहिल्या, एकच पाहून निकाल दिला नाही.

भाऊजी समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "काय शोधतोयस रे?" मी टेपा पुन्हा होत्या तशाच गुंडाळल्या. हिरवा रिमोट भाऊजींच्या हातात दिला. ते म्हणाले, अरे, मला नाही येत. मी म्हणालो, येईल, चांगला आहे तो, मी स्वतः पाहिलंय. आणि मी लाल घेऊन बसलो.